नियमाचे मौन

आपल्या घराघरांतून पाळले जाणारे नियम कोणी कागदावर उतरवायला बसला, तर त्याची मोठीच पंचाईत होईल. पहाटे उठावे, पानात टाकू नये, वडीलधाऱ्यांच्या पाया पडावे, असे दहा-वीस नियम तो भराभर लिहून काढील. पण ज्या नियमांवर घर खरोखर चालते, ते त्याच्या यादीत येणारच नाहीत. कारण ते कोणी कधी उच्चारलेलेच नसतात. पुरुषांची पंगत आधी आणि बायकांची मागाहून, हा नियम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. पण अमुक साली अमुक आजोबांनी तो घालून दिला, असे कोणत्याही घराण्यात सांगता येणार नाही. तो सांगण्याची गरजच पडली नाही. एखादी बाई पहिल्या पंगतीत पाट ओढून बसली असती, तर मात्र कोणीतरी गडबडून म्हणाले असते, ‘अहो, हे आपल्यात चालत नाही!’ आणि त्या क्षणी तो नियम प्रथमच शब्दांत उतरला असता.

लिहिलेल्या नियमाशी भांडता येते. त्याचे कलम दाखवता येते, त्यातली विसंगती काढता येते, बहुमताने तो बदलता येतो. न लिहिलेल्या नियमाशी भांडावे कसे? आणि त्याहून अवघड प्रश्न असा, की नियम जेथे गप्प बसतो तेथे त्या गप्प बसण्याचा अर्थ काय करायचा? जे निषिद्ध म्हटलेले नाही ते करायला मोकळीक आहे असे समजावे, की ज्याची स्पष्ट परवानगी नाही ते वर्ज्य समजावे? प्रश्न वरवर पाहता कायदेपंडितांचा वाटतो. पण १९०२ साली लंडनमधील एका वीस वर्षांच्या विवाहितेने तो बर्फावर उभे राहून विचारला. तिला मिळालेले उत्तर शंभराहून अधिक वर्षे उलटली तरी जुने झालेले नाही.

तिचे नाव मॅज सायर्स. माहेरचे नाव फ्लॉरेन्स मॅडलिन केव्ह. जन्म लंडनचा, १६ सप्टेंबर १८८१ चा. वडील इमारती बांधण्याचा व्यवसाय करीत, आणि घरात मुले पंधरा. ही मुलगी पोहण्यात तरबेज होती, घोड्यावर बसण्यात कुशल होती आणि बर्फावर तर तिची बरोबरी करणारी दुसरी स्त्री त्या वेळी इंग्लंडात सापडणे कठीण होते. नाइट्सब्रिज भागात प्रिन्सेस स्केटिंग क्लब नावाची संस्था होती. तेथे यंत्राने गोठवलेल्या बर्फाचे विस्तीर्ण अंगण होते. त्या अंगणात मॅज तयार झाली. १८९९ साली तिची एडगर सायर्सशी गाठ पडली. तो तिच्याहून अठरा वर्षांनी मोठा. स्वतः खेळाडू आणि चांगला शिक्षकही. त्या काळची इंग्रजी पद्धत मोठी करडी होती. शरीर काठीसारखे ताठ, हात अंगाशी, चेहऱ्यावर गांभीर्य. युरोपात मात्र एक मोकळी, अंगाला डौल देणारी पद्धत रूढ होत होती. एडगरने मॅजला तिकडे वळवले. १९०० साली दोघांचे लग्न झाले.

येथे या खेळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आज आपण फिगर स्केटिंग पाहतो ते दूरदर्शनच्या पडद्यावर. त्यात उड्या, गिरक्या आणि संगीत हेच डोळ्यांत भरते. पण तेव्हाच्या स्पर्धेत खेळाडूचा खरा कस लागत असे तो आकृत्या काढण्यात. बुटाच्या तळाशी पोलादी पाते. त्या पात्याच्या एका कडेवर तोल सांभाळून बर्फावर वर्तुळे, इंग्रजी आठाचे आकडे, वळणे आणि वेलांट्या काढायच्या. आणि एकदा काढलेल्या रेघेवरूनच पुन्हा पुन्हा पाते फिरवायचे. रेघ दुहेरी दिसली की गुण गेले. परीक्षक वाकून, खाली बसून बर्फ न्याहाळीत. थोडक्यात म्हणजे, ती पायाने काढलेली रांगोळीच. दिवाळीच्या पहाटे उंबऱ्यापुढे ठिपक्यांतून रेघ ओढणाऱ्या आपल्या आया-बहिणींना तिचे मर्म समजावून सांगायला नको. हात कापला की रेघ बोलते, तसा तेथे पाय कापला की बर्फ बोलतो. १९९० पर्यंत या आकृत्या जागतिक स्पर्धेचा भाग होत्या. पुढे त्या वगळल्या गेल्या.

या खेळाची जागतिक स्पर्धा १८९६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे सुरू झाली. पहिल्या काही वर्षांत तिच्यात फक्त पुरुषच उतरले. का? नियमात तसे होते म्हणून नव्हे. नियमात स्त्रियांविषयी चकार शब्द नव्हता. ज्यांनी नियम केले त्यांच्या मनात हा प्रश्नच आला नाही, आणि जी गोष्ट मनातच येत नाही तिला मनाई कोण करणार? १९०२ साली ही स्पर्धा लंडनला भरली आणि मॅज सायर्सने आपले नाव नोंदवले. आयोजकांनी नियमांचे पुस्तक उलटसुलट चाळून पाहिले असेल, पण तिला अडवणारे एकही कलम त्यात निघाले नाही. ती खेळली.

एकूण चार स्पर्धक होते. स्वीडनचा उल्रिख साल्कोव्ह, जर्मनीचा मार्टिन गोर्डान, इंग्लंडकडून होरेशियो टोरोमे आणि मॅज. साल्कोव्ह हा आदल्या वर्षाचा जगज्जेता. पुढे एकूण दहा वेळा त्याने हे पद मिळवले, आणि या खेळातली एक उडी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. निकाल लागला तेव्हा पहिला साल्कोव्ह होता. दुसरी मॅज सायर्स होती. उरलेले दोघे पुरुष तिच्या मागे होते.

असे सांगतात की साल्कोव्हने आपले सुवर्णपदक तिला देऊ केले. जिंकायला हवे होते ते तिने, असे त्याला वाटले. मोठी गोड गोष्ट आहे. लेखक आणि व्याख्याते ती वारंवार सांगतात, आणि ऐकणाऱ्याला त्या स्वीडिश तरुणाविषयी आदर वाटतो. तो वाटलाच पाहिजे. पण या गोष्टीवर थोडा विचार केला म्हणजे तिच्या गोडीखाली एक वेगळी चव जाणवू लागते. पदक देणे हे खेळाडूचे काम नव्हे, परीक्षकांचे आहे. खेळाडूने दिले तर ते दान. परीक्षकांनी दिले तर तो न्याय. दान घेणाऱ्याने आभार मानायचे असतात. न्याय मिळालेल्याने कोणाचे आभार मानायचे कारण नाही. दाता उदार असेल तोपर्यंत दान मिळते; हक्क मात्र कोणाच्या स्वभावावर अवलंबून नसतो. स्त्रियांना जगात सौजन्य पुष्कळ मिळाले आहे. बसायला जागा, पुढे जायला वाट, समारंभात हार-तुरे. वाण पडली ती सौजन्याची नव्हे.

आणि हे पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. १९०३ साली आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेची परिषद भरली आणि तिने ठरवले की यापुढे या स्पर्धेत स्त्रियांना प्रवेश नाही. इतकी वर्षे गप्प बसलेला नियम आता बोलला. पहिल्या पंगतीत एक बाई येऊन बसली होती. म्हणून ‘आपल्यात चालत नाही’ हे वाक्य कोणीतरी उच्चारणे भाग होते.

परिषदेत जी कारणे सांगितली गेली ती मुळातच लक्षात ठेवण्याजोगी आहेत. ती तीन होती. एक, स्त्रियांच्या लांब झग्यामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत. दोन, परीक्षकाला एखाद्या स्पर्धक मुलीविषयी अनुराग असू शकतो. तीन, स्त्री आणि पुरुष यांची तुलना करणे अवघड आहे.

या तीन कारणांना हसून मोकळे होणे सोपे आहे. पण ती मांडणारी माणसे दुष्ट नव्हती, आणि पहिल्या कारणात तर तथ्यही होते. जो खेळ पायांचा, त्यात पाय दिसायलाच हवेत. परंतु पाय दिसत नसतील तर झगा आखूड करा असे म्हणता आले असते. झग्यातला दोष झगा घालणारीवर लादून तिलाच बाहेर घालवले गेले. मॅजने काय केले? तिने वाद घातला नाही; झगा पोटऱ्यांपर्यंत वर घेतला. तो हरकतीला दिलेला जबाब होता, आणि त्यासाठी परिषद भरवावी लागली नाही. पुढे इतर स्त्री-खेळाडूंनीही तसाच पोशाख उचलला.

दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. परीक्षकाचे मन जर एखाद्या स्पर्धक मुलीकडे ओढले जात असेल, तर परीक्षक बदलावा की मुलगी? न्यायाधीशाचा पक्षपात हे वादीला कोर्टाबाहेर घालवण्याचे कारण होऊ शकते काय? शिवाय परीक्षकाला मुलाविषयी ममत्व वाटणार नाही असे कोणी सांगितले? शिष्याविषयी, देशबांधवाविषयी, मित्राच्या चिरंजीवाविषयी वाटणारा ओढा काय कमी असतो? पण त्या ओढ्यासाठी पुरुषांना कोणी बंदी केली नव्हती. मोहाचा उगम स्त्रीत आहे, पाहणाऱ्यात नाही, ही समजूत सर्व देशांत आहे आणि सर्व काळी आहे. बर्फाच्या थंडीतही ती गोठलेली नव्हती एवढेच.

खरे महत्त्वाचे कारण तिसरे. तुलना अवघड आहे! पण तुलना झाली होती. एक वर्षापूर्वी लंडनला, त्याच बर्फावर, त्याच परीक्षकांपुढे, तेच गुण मोजून ती झाली होती आणि तिचा निकालही लागला होता. एखादी गोष्ट घडून गेल्यावर ती अवघड आहे असे म्हणण्यात काय अर्थ असतो? तुलनेच्या आधी ही अडचण कोणाला सुचली नव्हती. चौघांत मॅज शेवटची आली असती, तर ही अडचण निघाली असती काय, हा प्रश्न वाचकांनी स्वतःशीच विचारावा.

नियमाच्या मौनाचा अर्थ लावणारे नेहमी आपापल्या मनाचाच अर्थ लावतात, याची साक्ष आपल्याकडेही आहे, आणि ती त्याच काळातली आहे. १९१६ साली रेजिना गुहा या पदवीधर बाईंनी वकिलीची सनद मागितली. कायद्यात वकिलाचा उल्लेख पुल्लिंगी होता. स्त्रियांना मनाई मात्र कोठेही लिहिलेली नव्हती. शिवाय पुल्लिंगी शब्दात स्त्रीलिंगाचाही समावेश समजावा असा दुसरा कायदा होताच. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने या मौनाचा अर्थ ‘नाही’ असा केला. पुढे १९२१ साली नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने सनद दिली. आणि त्याच वर्षी पाटण्याच्या उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका बाईंना ती नाकारली. मौन एकच, अर्थ दोन. शेवटी १९२३ साली स्वतंत्र कायदा करून हे मौन मोडावे लागले. मौन म्हणजे संमती असे आपण म्हणतो खरे. पण ज्याच्या हाती दाराची कडी असते, त्याला मौन म्हणजे नकार वाटते.

मॅजकडे परत येऊ. जागतिक स्पर्धेचे दार लागले, तरी इंग्लंडातले लागले नव्हते. तेथे १९०३ साली राष्ट्रीय अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा झाली. ती स्त्री-पुरुष दोघांनाही खुली होती. मॅज पहिली आली आणि टोरोमे दुसरा. १९०४ साली ती पुन्हा पहिली आली. या खेपेस दुसऱ्या क्रमांकावर होता तिचा पती आणि गुरू एडगर सायर्स. त्या संध्याकाळी घरी परतताना नवरा-बायकोत काय बोलणे झाले असेल, याची कल्पना ज्याने त्याने आपापल्या संसारावरून करावी. पण एवढे खरे, की एडगर पुढेही तिच्या जोडीने बर्फावर उतरत राहिला आणि तिच्या नावाशेजारी आपले नाव घालून पुस्तके लिहीत राहिला. १९०३ च्या परिषदेला जे अवघड वाटले ते एका नवऱ्याला जमले होते.

यानंतर संघटनेने एक तोड काढली. १९०५ साली तिने स्त्रियांसाठी वेगळी स्पर्धा मंजूर केली. पहिली स्पर्धा १९०६ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधील डाव्होस येथे झाली. मॅज पहिली आली. १९०७ साली व्हिएन्नात पुन्हा तीच पहिली. दोन्ही वेळा दुसरी आली ऑस्ट्रियाची जेनी हेर्झ. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंगचा प्रथमच समावेश झाला. ऑक्टोबरच्या अखेरीस प्रिन्सेस क्लबच्या त्याच अंगणात सामने झाले, आणि पाचही परीक्षकांनी एकमताने मॅजला पहिला क्रमांक दिला. जोडीच्या सामन्यात तिला आणि एडगरला कांस्यपदक मिळाले. साल्कोव्हने पुरुषांचे सुवर्णपदक घेतले. एकाच अंगणात, एकाच आठवड्यात दोघेही जिंकले. मात्र एकमेकांशी खेळले नाहीत.

म्हणजे शेवटी सगळे ठीकच झाले, असे म्हणावे काय? पहिल्या पंगतीतून उठवलेल्या बाईसाठी दुसरी पंगत मांडली, आणि तिच्यात तिला पहिले पान दिले. तक्रारीला जागा कोठे राहिली?

या ठिकाणी घाईने उत्तर देणे बरे नाही. मॅजला तीन विद्या येत होत्या हे आरंभी सांगितले. पोहणे, घोड्यावर बसणे आणि बर्फावर घसरणे. आपल्या प्रश्नाची उत्तरे याच तिघींना विचारून पाहू.

पोहणे म्हणेल, वेगळी पंगत हाच न्याय. पाण्यात घड्याळ बोलते. उंची, खांद्यांची रुंदी, स्नायूंचे बळ यांचा हिशेब तेथे सेकंदांत होतो. सर्वांना एकाच ओळीत उभे केले, तर जगातल्या उत्तमोत्तम पोहणाऱ्या स्त्रियांनाही अंतिम सामना दिसणार नाही. तेथे सर्वांना एकच माप लावणे म्हणजे समतेच्या नावाखाली त्यांना घरी बसवणे होय. १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी पोहण्याचा सामनाच नव्हता. तो १९१२ साली स्टॉकहोमला सुरू झाला. ती वेगळी पंगत मांडली म्हणूनच पोहणाऱ्या मुली जगाला दिसल्या.

घोडेस्वारी याच्या अगदी उलट सांगेल. ऑलिम्पिकमध्ये तिचे दार स्त्रियांना १९५२ साली हेलसिंकीला उघडले, आणि तेही फक्त घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या सामन्यापुरते. त्याच वर्षी डेन्मार्कची लिस हार्टेल पुरुषांबरोबर उतरली आणि रौप्यपदक घेऊन आली. पोलिओमुळे तिच्या पायांत गुडघ्यांखाली बळ उरले नव्हते. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला माणसांचा हात लागे. आजही ऑलिम्पिकच्या घोडेस्वारीत स्त्री-पुरुष एकाच यादीत असतात. घोड्याला आपल्या पाठीवर कोण बसले आहे ते कळते. पण तो खोगिरावरच्या हाताची समज मोजतो, मनगटाची जाडी नव्हे.

आणि स्केटिंग? ते या दोहोंच्या मध्ये उभे आहे. आजच्या स्पर्धेत उड्यांना जे महत्त्व आले आहे ते पाहता, वेगळ्या पंगतीच्या बाजूनेही बोलता येईल. पण १९०२ सालच्या बर्फावर मोजली जात होती ती रेघेची शुद्धता, तोल आणि डौल. तेथे बळाचा प्रश्न फार थोडा होता, आणि जो होता त्याचे उत्तर निकालाने दिले होते.

तेव्हा वेगळेपणा हा स्वभावतः अन्याय नव्हे, आणि स्वभावतः न्यायही नव्हे. भिंत कोणासाठी बांधली हे पाहिले पाहिजे. दुबळ्याला वारा लागू नये म्हणून आपण भिंत बांधतो, आणि बलवानाला धक्का लागू नये म्हणूनही भिंत बांधतो. बाहेरून दोन्ही भिंती सारख्याच दिसतात. वीट तीच, चुना तोच. फरक ओळखण्याची खूण एकच. जी भिंत स्त्रिया हरतात म्हणून उभी राहिली ती बहुधा आसऱ्याची असते. जी भिंत स्त्री जिंकू लागल्यावर उभी राहिली तिच्याकडे संशयाने पाहावे.

ही गोष्ट केवळ आजोबांच्या काळातली आहे असे कोणी समजू नये. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये हवेत उडवलेल्या तबकड्यांवर बंदुकीने नेम धरण्याचा एक सामना स्त्री-पुरुष दोघांना खुला होता. चीनची झांग शान सर्व पुरुषांना मागे टाकून पहिली आली. चार वर्षांनी अटलांटाला तो सामना फक्त पुरुषांचा होता आणि स्त्रियांसाठी वेगळाही नव्हता. सुवर्णपदक मिळवणाऱ्या झांग शानला ते राखायला उतरताच आले नाही. स्त्रियांचा स्वतंत्र सामना २००० साली सिडनीला आला. आधी दार बंद करायचे, मग काही वर्षांनी शेजारी दुसरे उघडायचे. १९०३ चाच धडा नव्वद वर्षांनी पुन्हा वाचला गेला.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो बाजूला सारता येणार नाही. मॅजचे नुकसान झाले असेल, पण तिच्या मागून येणाऱ्यांचे कल्याणच झाले ना? वेगळी स्पर्धा निघाली म्हणून हंगेरीची लिली क्रोनबर्गर १९०८ ते १९११ ओळीने चार वर्षे अजिंक्य ठरली, नॉर्वेची सोन्या हेनी घराघरांत पोचली, आणि आज जगभर हजारो मुली बर्फावर उतरतात. साल्कोव्हसारख्यांशी रोज टक्कर द्यायची असती, तर त्यांतल्या किती जणी टिकल्या असत्या? एका असामान्य स्त्रीच्या हक्कासाठी अनेक सामान्य मुलींची संधी घालवायची काय?

हा आक्षेप खरा आहे. पण त्याने एक निवड आपल्यावर लादली आहे, आणि ती निवड खोटी आहे. त्याच्या मते दोन दारांपैकी एकच उघडे राहू शकते. दोन्ही का नाही? मॅजच्याच काळातील दुसऱ्या एका इंग्रज बाईचे उदाहरण घ्या. लॉटी डॉड हिने १८८७ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, विम्बल्डन जिंकले. एकूण पाच वेळा ती तेथे अजिंक्य ठरली. शाळकरी वयामुळे तिला आखूड झगा चालत असे, आणि धावायला त्याचा फायदा होतो अशी कुरकुर तेव्हाही झाली. झग्याची लांबी ही सभ्यतेची बाब आहे की डावपेचाची, हे त्या काळच्या समाजाला नक्की ठरवता येत नव्हते असे दिसते. पुढे लॉटी हॉकीत इंग्लंडकडून खेळली, १९०४ साली गोल्फचे ब्रिटिश अजिंक्यपद तिने घेतले, आणि मॅजने सुवर्णपदक मिळवले त्याच १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजीचे रौप्यपदक तिच्याकडे गेले. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झची आहे. तेथे स्केटिंगच्या दोन परीक्षा होत्या, एक स्त्रियांची आणि एक पुरुषांची. लॉटीने १८९६ साली स्त्रियांची परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाली. १८९७ साली पुरुषांची दिली आणि तीही उत्तीर्ण झाली. जिला स्त्रियांची परीक्षा पुरेशी वाटली तिने तेथे थांबावे, जिला पुढे जावेसे वाटले तिने जावे. कोणाचे काही बिघडले नाही.

बाईंसाठी दुसरी पंगत मांडावी. तीत आग्रहाने वाढावे. पण पहिल्या पंगतीचे दार लावून घेऊ नये. मला वाटते, न्याय म्हणून जे काही आहे ते या साध्या व्यवस्थेत आहे. ज्यांना आसरा हवा त्यांना तो मिळावा, आणि जिला वाऱ्यात उभे राहायचे आहे तिला ‘तुला वारा बाधेल’ असे सांगून आत ओढू नये. तो वारा सोसायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिचा. हे लक्षात न घेता दिलेले संरक्षण कितीही मायेचे असले, तरी त्यात समोरच्या माणसाला अर्धे माणूस समजणे आलेच. घरातल्या मुलींच्या बाबतीत आपण हे रोज करीत असतो, आणि बहुतेक वेळा अगदी प्रेमाने करीत असतो.

१९०८ नंतर मॅजची प्रकृती ढासळू लागली आणि तिने स्पर्धा सोडल्या. १९१३ साली तिचे आणि एडगरचे स्केटिंगच्या कलेवरील पुस्तक निघाले. ९ सप्टेंबर १९१७ रोजी हृदयाच्या विकाराने तिचा अंत झाला. छत्तिसावा वाढदिवस एका आठवड्यावर आला होता. तिच्या तीन विद्यांपैकी पोहण्यात आणि घोडेस्वारीत तिला ऑलिम्पिकचे दार कधी उघडे मिळाले नाही, आणि तिसरीत मिळाले ते वेगळे.

एक गोष्ट सांगायची राहिली. १९०६ आणि १९०७ साली तिने जिंकलेल्या त्या वेगळ्या स्पर्धेला ‘जागतिक’ हे विशेषण नव्हते. पुरुषांची स्पर्धा जगाची. बायकांची केवळ संघटनेची. दुसऱ्या पंगतीला वाढले होते, पण पक्वान्नाचे नाव बदलले होते. १९२४ साली संघटनेने मागच्या सर्व विजेत्या स्त्रियांना जगज्जेतेपद बहाल केले. तेव्हापासून मॅज सायर्स ही स्केटिंगमधील पहिली स्त्री-जगज्जेती म्हणून ओळखली जाते. तिला जाऊन त्या वेळी सात वर्षे झाली होती.

नियम शेवटी बोलले, आणि चांगले बोलले. मात्र त्यांनी बोलायला घेतलेल्या वेळात एक माणूस जगून संपले होते. तेव्हा आपल्या घरात, कचेरीत, मंडळात जे नियम अजून गप्प बसले आहेत, त्यांना या दिवाळीत कोणी सुनेने किंवा लेकीने प्रश्न विचारलाच, तर उत्तर द्यायला आपण फार वेळ घेऊ नये.